चाळीस शतांश मिलिमीटर

गाडीच्या डिस्ट्रिब्युटरचं, म्हणजे ठिणगी वाटणाऱ्या डबीचं, झाकण उतरवून तिने रोटर वर ओढून काढला, तेव्हा तिला पहिल्यांदा दिसलं ते हे, की मधला दांडा कोरडा आहे. दांडा म्हणजे बोटाएवढा जाड, चौकोनी, कोपरे गोलावलेला. इंजिन फिरलं की तो फिरतो, त्याचा एकेक कोपरा शेजारच्या फायबरच्या टाचेला ढकलतो आणि पॉइंट, म्हणजे समोरासमोरचे दोन धातूचे ठिपके, उघडतात, मिटतात, पुन्हा उघडतात; दर उघडण्याला एक ठिणगी. टाच सतत दांड्यावर घासत असते, म्हणून तिथे ग्रीस लागतं. जास्त नाही, मोहरीएवढं. तिने करंगळी दांड्याच्या चारही बाजूंवरून फिरवली आणि बोट उजेडात धरून पाहिलं. बोट स्वच्छ. काळपट नाही, तेलकट नाही, ग्रीस वाळल्यावर होतो तसा तपकिरी चुराही नाही. खाली पत्र्यावर, एका स्क्रूच्या डोक्याखाली, पांढऱ्या सुती कापडाचा तंतू अडकला होता, अर्धा सेंटिमीटर असेल. तो तिने चिमट्याने उचलून कागदावर ठेवला, आणि कागदाच्या कडेला, सवयीने, तारीख घातली.

तीन महिन्यांपूर्वी हे झाकण बसवलं होतं तिच्या नवऱ्याने. आणि तिचा नवरा पस्तीस वर्षं घड्याळं दुरुस्त करत आला होता. घड्याळांचे निम्मे आजार तहानेचे, असं तो म्हणायचा. सुईच्या टोकावर राहील एवढं तेल, तेही कुठे द्यायचं आणि कुठे चुकूनही द्यायचं नाही, हे त्याच्या हाताला इतकं पाठ होतं की समोरच्या गिऱ्हाइकाशी गप्पा मारता मारता तो ते देऊन मोकळा होत असे. असा माणूस ग्रीस विसरेल? तिने स्टूल पायाने जवळ ओढलं आणि ती बसली. रविवारची सकाळ होती, नऊ वाजले होते, पार्किंगच्या पत्र्यावर ऊन यायला अजून वेळ होता.

गाडी बंद पडली होती गुरुवारी दुपारी. पाणी शुद्ध करण्याच्या केंद्रात तिची पाळी पहाटे पाचला सुरू व्हायची आणि एकला संपायची. आठ टाक्यांचे नमुने, प्रत्येकाचा गढूळपणा, प्रत्येकातलं क्लोरिन, आणि वहीत सोळा आकडे. बावीस वर्षं हेच. परत येताना पुलाच्या अलीकडच्या वळणावर इंजिन दोनदा खोकलं, एकदा सावरलं आणि गप्प झालं. मागून हॉर्न सुरू झाले. एका ट्रकवाल्याने खिडकीतून मान काढून "झोपलात का बाई?" असं विचारलंसुद्धा. ती स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून बसली होती, आणि आपल्याला बरं वाटतंय हे तिच्या लक्षात आलं. अगदी स्पष्ट. गाडी बंद पडली, म्हणजे आता नवऱ्याला फोन करायचा, म्हणजे आता तो येणार. भर रस्त्यात, शंभर माणसं खोळंबलेली असताना, पन्नाशी ओलांडलेल्या बाईला हे असं बरं वाटावं, याने ती त्या बंद पडण्यापेक्षा जास्त हादरली. केंद्रातल्या पंपावरच्या माणसाने दोर बांधून गाडी ओढत घरी आणून दिली. पण नवऱ्याला फोन तिने केला नाही. कारण आदल्या संध्याकाळी नणंदेचा फोन येऊन गेला होता.

नणंद आठ तासांच्या अंतरावर, दुसऱ्या गावी. तिचा नवरा वारल्यापासून एकटी. बोलणं सरळसोट. "वहिनी, दादा दुकान बंद करतोय," तिने सुरुवातच अशी केली. "हल्ली घड्याळ दुरुस्त कोण करतं? बंद पडलं की लोक नवं घेतात. माझी वरची खोली रिकामी आहे, ये म्हटलं तर हो म्हणाला. शनिवारी टेम्पो सांगितलाय. या नाही, पुढच्या. तुला माहीत नव्हतं ना? वाटलंच मला."

"नव्हतं," ती म्हणाली.

"तो काही तुला सांगायचा नाही. म्हणून मी सांगते. तुला अडवायचं असेल तर आत्ता बोल, मी टेम्पोवाल्याला नाही म्हणून कळवते, माझं काही बिघडत नाही. पण तो विचारणार नाही आणि तू सांगणार नाहीस, आणि आम्ही मधल्यामध्ये तुमची तोंडं बघायची. सात वर्षं झाली, वहिनी."

"बघते मी, ताई."

"काय बघतेस? पाणी आहे का ते, काचेत धरून बघायला?"

त्यावर दोघी हसल्या होत्या. मग नणंदेचा आवाज खाली आला. "एक सांगू? तो एकदा तिथून हलला की परत हलायचा नाही. लहानपणापासून तसाच आहे. ठेवाल तिथे राहतो."

ठेवाल तिथे राहतो. गेले तीन दिवस हे वाक्य तिच्याबरोबर टाक्यांच्या कडेने फिरत होतं. खरं म्हणजे त्याला कुणी तिथे ठेवलं नव्हतं. सासऱ्यांना झटका आला आणि त्यांची उजवी बाजू गेली, तेव्हा ते दुकानामागच्या दोन खोल्यांत एकटेच राहत होते. या दोघांचं घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही; त्यांना आणणं शक्य नव्हतं. तिची पाळी पहाटेची, केंद्र गावाच्या या टोकाला; तिने तिकडे जाणं शक्य नव्हतं. मग तो गेला. एक बॅग, एक पांघरूण, दाढीचं सामान. आठ-पंधरा दिवसांची गोष्ट, असं दोघांनीही म्हटलं. सासरे दोन वर्षं चार महिने जगले. ती रोज दुपारी डबा घेऊन जायची, सासऱ्यांना भरवायची, त्यांच्या तोंडाच्या वाकड्या बाजूने सांडलेलं टिपायची, आणि संध्याकाळी परतायची, कारण पहाटे चारला उठायचं असे. ते दिवस वाईट नव्हते. त्या दोन खोल्यांत तिघांचं बरं चाललं होतं. सासऱ्यांना बोलता येत नसे, पण मुलाने घड्याळ उघडलं की ते डाव्या हाताने खूण करून चूक दाखवत, आणि ती खूण बहुतेक वेळा बरोबर असे.

सासरे गेले. सगळं उरकलं, पाहुणे गेले, आणि एका मंगळवारी दुपारी दाराची बेल वाजली. ती केंद्रातून येऊन आडवी झाली होती. दार उघडलं तर तो. त्याच्या खिशात या घराची किल्ली होती. ती तिला दिसतही होती, शर्टाच्या खिशातून तिचा गोल भाग वर आला होता. तरी त्याने बेल वाजवली होती. आणि तिच्या तोंडून गेलं, "या, बसा." कुणालाही म्हणतात तसं. तो बसला. खुर्चीच्या पुढच्या कडेवर, हात गुडघ्यांवर. पाणी प्यायला. दुकानात गिऱ्हाइकांची चाळीसेक घड्याळं अर्धवट पडून आहेत, ती हातावेगळी करतो, म्हणाला. ती म्हणाली, हो, करा ना. पुढे कितीतरी दिवसांनी तिला सुचलं, की ती दुपारची झोपते हे त्याला माहीत होतं. किल्लीने दार उघडून आत येऊन तिला दचकवायचं नाही, एवढ्यासाठीच त्याने बेल वाजवली असेल. तोपर्यंत ती चाळीस घड्याळं संपून दुसरी आली होती. भांडण झालं असतं तर ते मिटवता आलं असतं. लोक विचारत, काय झालं? आणि तिला खरोखरच सांगता येत नसे. काही झालं नव्हतं.

गाडी मात्र होती. गाडीची ठिणगी कायम त्यानेच घरी सांभाळली होती. मेकॅनिकच्या हाताला तो डिस्ट्रिब्युटर कधी लागलाच नाही. हे तर घड्याळाचंच काम, फक्त आंधळ्यासाठी मोठं करून ठेवलेलं, असं तो म्हणे. त्यामुळे वेगळं राहायला लागल्यावरही पॉइंट जळले की ती फोन करायची, "गाडी चालू होत नाहीये," आणि येणाऱ्या रविवारी तो यायचा. खिशात डोळ्याला लावायचं भिंग, हातात लहान पेटी. याच स्टुलावर बसायचा. ती शेजारी बॅटरीचा उजेड धरून उभी राहायची. तो झाकण काढायचा, रोटर काढायचा, काढलेला एकेक स्क्रू डावीकडून उजवीकडे ओळीने रुमालावर मांडायचा. बोलणं फक्त गाडीचं. पॉइंट जळलेत. हो का. कंडेन्सर पण बदलतो. बदला. मग तो फीलर गेजची पाती काढायचा, चाळीस शतांश मिलिमीटरचं पातं निवडायचा, उघड्या पॉइंटांच्या फटीत सरकवायचा आणि डोळे मिटायचा. डोळे मिटून बोटांना काय लागतंय ते ऐकत असल्यासारखा. त्या दोन-तीन सेकंदांत ती त्याच्याकडे हवं तेवढं बघू शकत असे. कानामागचे केस आधी पांढरे झाले, मग भुवईतला एक. काम झालं की वर जाऊन चहा. खुर्चीच्या कडेवर बसून. मग, "निघतो. काही झालं तर कळव." दारातून बाहेर पडताना तो कुलपाकडे बघायचा, कडीला तेल हवंय असं म्हणायचा, आणि पुढच्या वेळी ते आणायला विसरायचा नाही.

तीन वर्षांपूर्वी ती एका हार्डवेअरच्या दुकानात गेली आणि तिने स्वतःसाठी फीलर गेज घेतला. दुकानदाराने "कुणासाठी?" विचारलं तर "घरच्यांसाठी" म्हणाली. तो येऊन गेल्याच्या दुसऱ्या दिवशी तिने झाकण काढून फट मोजली, दांड्यावरचं ग्रीस पाहिलं, आणि वहीत लिहिलं: ०.४०, ग्रीस योग्य. मग तिने सगळं स्वतःच्या हाताने एकदा सोडवलं आणि पुन्हा लावलं. गाडी पहिल्या किल्लीला सुरू झाली. अवघड काहीच नव्हतं. ती वरच्या मजल्यावर आली, हात धुतले, पातं तेलाच्या कापडात गुंडाळून शिवणाच्या डब्याच्या तळाशी ठेवलं आणि ही गोष्ट कुणाला सांगितली नाही. पुढच्या वेळी गाडी बंद पडली तेव्हा तिने तसाच फोन केला, "चालू होत नाहीये." खोटं नव्हतं ते. चालू होत नव्हतीच.

"बाई, आज घड्याळजी नाही आले?"

तळमजल्यावरचे ड्रायव्हरकाका दारात खुर्ची टाकून वर्तमानपत्र वाचत होते. तीस वर्षं बस चालवून निवृत्त झालेले. बॉनेटखाली काय असतं ते डेपोवाल्यांना विचारा, हे त्यांचं ठरलेलं उत्तर.

"नाही, काका."

"मग हे उघडून कुणी ठेवलंय?"

"मी."

काकांनी वर्तमानपत्र खाली केलं. "परत मिटेल ना? नाही, आमच्या मेहुण्याने एकदा रेडिओ उघडला होता. अजून बुटांच्या खोक्यात आहे."

"मिटेल," ती म्हणाली आणि वही उघडली. गाडीची वेगळी वही होती. पेट्रोल, तेल, टायर, आणि पॉइंट बदलल्याच्या तारखा. त्या तारखांमधलं अंतर तिने आजवर कधी काढलं नव्हतं. आता काढलं. तिने मोजून पाहिलेले पॉइंट टिकले अकरा महिने. त्यानंतरचे सात. मग सहा. मग पाच. आणि हे, तीन. पेन्सिल तशीच हातात राहिली. गेल्या दोन्ही वेळी तिने विचारलं होतं, "इतक्यात कसे गेले हो?" आणि त्याने भिंगातून डोळा न काढता सांगितलं होतं, "हल्ली मालच चांगला येत नाही." तिने ते मान्य केलं होतं. माल वाईट असेल, हे एक कारण होऊ शकतं. तिने ते कागदावर लिहिलं. तो विसरत असेल, हे दुसरं. वय साठीकडे आलंय, आणि त्याच्या वडिलांचंही शेवटच्या महिन्यांत असंच सुरू झालं होतं. हे लिहिताना तिचा हात थोडा थांबला. पण विसरणारा माणूस जुनं ग्रीस तिथेच ठेवून देतो. विसरणारा दांडा पुसत नाही. तिने शेजारच्या पांढऱ्या तंतूकडे पाहिलं. हा गाडी पुसायच्या फडक्यातला नव्हता. घड्याळाची काच पुसायला तो मऊ धुतलेलं सुती कापड वापरायचा, दर महिन्याला नवं. सात वर्षांपूर्वीपर्यंत तीच ते फाडून, कडा दुमडून द्यायची. दांडा पुसला होता. नीट, चारही बाजूंनी, बहुधा ती चहा टाकायला वर गेल्यावर. टाच झिजावी, फट मिटत जावी आणि ठिणगी पडू नये म्हणून. लवकर झिजावी म्हणून.

आणि या वेळी तीनच महिन्यांत. दुकान बंद करायचं तेव्हाच मनात आलं असेल त्याच्या. जाण्याआधी एकदा तरी फोन यावा, असा हिशोब. सांगणार काही नव्हताच. स्टुलावर बसून काम केलं असतं, चहा घेतला असता, आणि निघताना कुलपाकडे बघून म्हणाला असता, ताईकडे चाललोय. कदाचित तेही म्हणाला नसता.

तिला हसू आलं, आणि हसता हसता डोळ्यांत पाणी आलं. पाणी तिने कोपराने पुसलं, कारण हातांना कार्बनची काजळी होती. आयुष्यभर दुसऱ्यांची यंत्रं नीट केलेल्या माणसाने एक यंत्र जाणूनबुजून बिघडवायचं म्हणजे त्याला काय वाटलं असेल? तो पुसताना थांबला असेल. एकदा पुसून पुन्हा ग्रीस लावावं असंही मनात आलं असेल. घरी गेल्यावर रात्री जेवण गोड लागलं नसेल.

ती उठली. नवे पॉइंट तिने शुक्रवारीच आणून ठेवले होते. जुने काढले, त्यांची तोंडं निळसर जळलेली, एकावर खड्डा, दुसऱ्यावर त्याच मापाचा उंचवटा. स्क्रू काढून रुमालावर ठेवले, डावीकडून उजवीकडे, आणि आपण त्याच्यासारखेच ठेवतोय हे ठेवून झाल्यावर तिला कळलं. नवा संच बसवला. आता दांड्याचा कोपरा नेमका टाचेखाली यायला हवा होता.

"काका, चौथ्या गिअरमध्ये आहे. जरा मागून ढकलता? बोटभरच."

"तीस वर्षांत मी बस ढकलली नाही, बाई. पॅसेंजर ढकलायचे." पण ते उठले, चष्मा खिशात ठेवला आणि गाडीला टेकले.

"आणखी थोडं. थांबा. नाही, जरा मागे. तिथेच."

"तुम्ही कंडक्टर व्हायला हवं होतं."

तिने पातं फटीत सरकवलं. सैल होतं. पॉइंटांचा पत्रा केसभर हलवला, पुन्हा सरकवलं. या वेळी पातं जाताना दोन्ही बाजूंनी हलकंच धरल्यासारखं लागलं, अडवल्यासारखं नाही. तिचे डोळे आपोआप मिटले. मग तिने स्क्रू घट्ट केला, आणि घट्ट करताना फट बदलते म्हणून पुन्हा मोजलं. चाळीस. ग्रीस लावलं, मोहरीएवढं. रोटर, झाकण, दोन्ही खिट्या. ती आत बसली आणि किल्ली फिरवली. इंजिन लगेच सुरू झालं आणि एका लयीत चालत राहिलं. बॉनेटवर ठेवलेला स्क्रूड्रायव्हर थरथरत कडेपर्यंत गेला.

काकांनी टाळी वाजवल्यासारखे हात झाडले. "झालं की. आता घड्याळजींना कायमची सुट्टी."

तिने गाडी बंद केली. पत्र्याखाली एकदम शांत झालं. काका खुर्चीकडे परतले, वर्तमानपत्राची घडी उलगडल्याचा आवाज आला. ती उतरली, बॉनेटखाली वाकली आणि कॉइलवरून ठिणगीची वीज आणणारी मधली जाड तार तिने झाकणातून उपसून हातात धरली. एवढंच करायचं. ही तार बाहेर ठेवायची, बॉनेट लावायचं, वर जाऊन नंबर फिरवायचा. चालू होत नाहीये. तो लगेच येईल, शनिवारच्या आत नक्की येईल, कदाचित आजच. इथे बसेल. तिला कानामागचे केस दिसतील. तार हातात घेऊन ती किती वेळ उभी होती कोण जाणे. मनात तिची बेरीज चालली होती. गेल्या बत्तीस महिन्यांत तो पाच वेळा आला. दर वेळी फार तर दीड तास. पाच वेळा मिळून साडेसात तास. त्याने पुसून पुसून आणि तिने काम येत नसल्याचं सोंग करकरून, दोघांनी मिळून एवढे कमावले होते. साडेसात तास. एका पाळीएवढेही नाहीत. तिने तार पुन्हा जागेवर दाबली, ती बसल्याचा टप्पकन आवाज येईपर्यंत, बॉनेट लावलं, आणि हातही न धुता गाडी बाहेर काढली.

गावातून पलीकडे जायला पंचवीस मिनिटं लागली. रविवारचे रस्ते मोकळे होते. एका सिग्नलला तिने आरशात पाहिलं, तर कपाळावर काजळीचा एक पट्टा होता. पुसायला गेली तर दोन झाले. काय बोलायचं ते ती जुळवत होती. चार वाक्यं जुळवली, चारही नको वाटली. एक फारच लांब होतं. एकात "खरं तर" दोनदा आलं होतं. दुकानाच्या समोर तिने गाडी लावली आणि इंजिन चालूच ठेवलं, कारण बंद केलं तर आपण उतरणार नाही अशी तिला भीती वाटली.

दुकानाच्या भिंती रिकाम्या झाल्या होत्या. घड्याळं काढलेल्या जागी रंगाचे गोल आणि चौकोन उरले होते. तो जमिनीवर बसून वर्तमानपत्राच्या कागदात काहीतरी गुंडाळत होता. मान खाली, पण हात थांबले होते, आणि तो तिच्याकडे बघत नव्हता. बाहेर चाललेल्या इंजिनाकडे त्याचा कान होता.

"पॉइंट कुणी बसवले?" त्याने विचारलं.

"का?"

"आवाज सरळ आहे."

"मी बसवले."

त्याने डोळ्याचं भिंग कपाळावर चढवलं आणि वर पाहिलं. तिच्या हातांकडे, कपाळाकडे. "चाळीस?"

"चाळीस."

"स्क्रू आवळल्यावर परत मोजलंस?"

"मोजलं."

तो मान हलवत राहिला, हळूहळू, गिऱ्हाइकाचं जुनं घड्याळ बरं चालताना पाहिलं की हलवायचा तशी. "मग बरं झालं," तो म्हणाला. "तीच एक काळजी होती. मी गेल्यावर तुझी गाडी कोण बघणार." आणि पुन्हा कागदाची घडी घालायला लागला. "ताईने सांगितलं असेल तुला. शनिवारी."

हे तिने हिशोबात धरलंच नव्हतं. आपण गाडी नीट करून इथवर आलो, याचा अर्थ त्याच्या लेखी असा होईल, की जा आता, मला येतं. ती दाराच्या चौकटीला धरून उभी राहिली.

"मला हे आजच नाही आलं," ती म्हणाली. "तीन वर्षं झाली. तीन वर्षांपासून येतं मला."

"माहीत आहे."

"तुम्हाला? कसं?"

"तू बॅटरी धरायचीस ना," तो कागदाशी बोलल्यासारखा बोलला. "पूर्वी माझा हात जिथे जाईल तिथे उजेड मागून यायचा. मग आधी जायला लागला. मी स्क्रूकडे हात नेईपर्यंत तू तिथे उजेड धरलेला असायचा."

"मग बोलला का नाहीत?"

"बोललो असतो तर यायचं कशाला म्हणून?"

बाहेरून कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं. गाडी एका लयीत चालत होती, दोघंही तिकडे ऐकत होते. ती म्हणाली, "दांडा कोरडा होता."

"हल्ली मालच—" त्याने सुरुवात केली, आणि तो थांबला. त्याचे कान लाल झाले. साठीला टेकलेल्या माणसाचे कान असे लाल होतात, हे तिने पहिल्यांदाच पाहत असल्यासारखं पाहिलं. त्याने गुंडाळलेली वस्तू खोक्यात ठेवली, पुन्हा बाहेर काढली, आणि ती कुठे ठेवायची ते न सुचून मांडीवर धरून बसला.

ती आत आली. चपला काढल्या. खोक्यांच्या मधून वाट काढत त्याच्यासमोर जमिनीवर बसली, गुडघा दुखत होता तरी. रस्ताभर जुळवलेलं त्यातलं एकही वाक्य तिला आठवेना. हातांना ग्रीसचा वास येत होता. तिने त्याच्या मांडीवरून ते कागदाचं गाठोडं उचलून बाजूला ठेवलं.

"ताईंना मी कळवते," ती म्हणाली. "तुम्ही तिकडे जायचं नाही. घरी यायचं, राहायला. मला तुम्ही घरी हवे आहात."